शनिवारचा डबा

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.
झाकणाला छिन्नीने फट पाडताना बोट कापलं,
धनुर्वाताचं इंजेक्शन आमच्याच हेल्थ पोस्टवर घेतलं
आणि रजिस्टरात स्वतःचंच नाव लिहिलं:
कुंदा भालेकर, वय एकोणपन्नास, आरोग्य स्वयंसेविका.
जखमेचं कारण: प्रश्नपेटी.

भांडुपची टेकडी, दोनशे अकरा पायऱ्या,
वर समाजमंदिराची खोली.
गणपतीचं मखर तिथे वर्षभर
प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला टेकलेलं असतं.
शनिवारी चारला पोरं-पोरी येतात.
येतात म्हणजे, आणावी लागतात.
पहिल्या शनिवारी तिघं आली,
त्यातला यज्ञेश, पंखा आहे म्हणून.

कागद एका मापाचे कापते, पेनं सगळी निळी,
कोण विचारतंय ते कळू नये म्हणून.
मला अक्षरं ओळखू येतात.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

डब्यातून निघतं ते असं:
मिशी एकाच बाजूला येतेय, दुसरी येणार का?
पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावला,
महिना झाला, लोणचं नासलं नाही, आईला सांगू का?
निळी गोळी खाल्ली, सकाळी संडास काळी झाली, मरणार का?
भाऊ मारतो. हा प्रश्न नाही.

मिशीचं उत्तर हसत देता येतं.
लोणच्याचं उत्तर कुलसुमनेच दिलं, उभी राहून,
म्हणाली, आमच्याकडे तर मीच घालते, सगळे बोटं चाटतात.
भावाचं उत्तर खोलीत देत नाहीत.
त्यासाठी मी दुसऱ्या दिवशी एका घरी
ताप विचारायला गेले. ताप कुणालाच नव्हता.
तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्या पोरीने चहा ठेवला
आणि दार लोटून घेतलं.

आणि एक चिठ्ठी कोरी.
चार घड्या, कडेला दातांनी चावलेली.
पहिल्यांदा मी ती केरात टाकली.
दुसऱ्यांदा पिशवीत ठेवली.
तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली: पुढची चिठ्ठी कोरी आहे.
खोली हसली.
म्हटलं, हसता काय, हिलाही उत्तर द्यायचंय.
माझ्याकडे नव्हतं.
मिनिटभर बसलो सगळे तसेच,
मखराचं प्लास्टिक पंख्याने फडफडत राहिलं.
कोऱ्या कागदाला अक्षर नसतं ना,
तिथे माझी हुशारी संपली.

वरून फॉर्म येतो: किशोर किती, किशोरी किती,
गोळ्या किती, समुपदेशन किती, पुढे पाठवले किती.
आकडे मी खरे भरते.
पण पुढे पाठवलेलं पोहोचतंच असं नाही,
पोस्टमन असता नवरा, तोही हेच म्हणाला असता.
नवरा रंगारी होता. असो.

सातव्या शनिवारी सतरंजी गुंडाळायला यज्ञेश थांबला.
दुसरं टोक धरून म्हणाला,
मावशी, त्या कोऱ्याचं उत्तर मिळालं?
नाही रे. तुला ठाऊक आहे?
त्याला बहुतेक झोप लागत नाही.
कधीपासून?
पप्पा गेल्यापासून. म्हणजे, त्याचे पप्पा.
त्याच्या नखांकडे मी बघितलं नाही.
सतरंजी नीट बसत नव्हती, पुन्हा उलगडली.
म्हटलं, त्याला सांग,
सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात झोपेच्या, मनाच्या डॉक्टर बसतात,
सुई नाही, नुसतं बोलणं,
आणि मला एकटीला रांगेत उभं राहायचा कंटाळा येतो.

सोमवारी साडेनऊला
शेवटच्या पायरीखाली, टँकरच्या पाइपापाशी
तो उभा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.
म्हणाला, त्याला नाही जमलं यायला.
त्याच्या बदली मी आलोय.
चालेल ना?

चालेल म्हटलं. बस चुकली होती, रिक्षा केली.
केसपेपरवर त्याने नाव सांगितलं, स्वतःचं,
खिडकीतल्या बाईंना ऐकू गेलं नाही
म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने.

फॉर्ममध्ये मी लिहिलं: पुढे पाठवले, एक.
'पाठवले' खोडून 'नेले' लिहिलं.
रिक्षाचे पैसे कुठल्या रकान्यात टाकायचे
ते अजून ठरलेलं नाही.