पाणीमहाल

लातूरहून अंधारात सुटलेली आमची टेम्पो ट्रॅव्हलर
नळदुर्गात नऊला पोचली.
चौदा माणसं, एक गळका थर्मास,
आणि वेशीत आमची वाट बघत रुक्मोद्दीन गाइड :
गळ्यात शिट्टी, पायात टायरची चप्पल.

उपळी बुरुजाच्या पायऱ्या त्यानं आम्हाला मोजायला लावल्या.
प्रत्येकाचा आकडा वेगळा.
"बरोबर हाय," म्हणाला,
"किल्ला समद्यांला सारखा नसतोय."

मग उतरलो बोरी नदीवरच्या भिंतीच्या पोटात.
नर कोरडा. मादी कोरडी.
खाली शेवाळाचे वाळके पापुद्रे,
डबक्यात कुणाचा तरी एकच बूट.

"हे बघायला आणलं?" देवणीकर मॅडम म्हणाल्या.
ड्रायव्हरनं वरूनच हाक दिली,
तुळजापूर चारच्या आत गाठायचंय.

रुक्मोद्दीन सज्जाच्या कमानीत
रोजच्या जागी उभा राहिला
आणि ओरडून सांगायला लागला,
एवढ्या सामसुमीत, शिरा ताणून,
आमच्या त्याच्यामध्ये धबधबा असल्यासारखा :
"ह्यो नर! डावीकडं! पांढराफेक!
आन् ती मादी, जरा सावकाश येतीय...
मागं सरका मॅडम, पदर भिजंल!"

देवणीकर मॅडम सरकल्या.

मी, खोटं कशाला सांगू,
चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

गाडीत नंतर कुणी फारसं बोललं नाही.
शेंगदाण्याची पुडी फिरली, खिडक्या लागल्या.
जे काय बोललो ते मात्र
अणदूर मागं पडेपर्यंत
जरा मोठ्यानंच.