पाचवी कडी

वाचनालय शुक्रवारी बंद होतंय.
कौन्सिलचं पत्र दोन भाषांत आलं,
दोन्हींत सारखंच थंड.

मुलांच्या कपाटापासून सुरुवात केली,
कारण तिथे बुटकं स्टूल आहे
आणि माझे गुडघे आता वरच्या फळ्यांचं ऐकत नाहीत.

हिरव्या कापडी बांधणीचं हे पुस्तक.
पाठ तीनदा डिंकानं जोडलेली,
त्यातली एकदा माझ्याच हातानं, वाकडी.
आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के एकमेकांच्या अंगावर,
सगळ्यात जास्त दाटी युद्धाच्या वर्षांत.

प्राणी सगळे जागच्या जागी आहेत.
पोस्टमास्तर राखी बगळा,
चष्म्याआडून दुसऱ्यांची पत्रं वाचणारा.
पाणमांजर, ज्याचं कुणाशी वाकडं नाही
म्हणून ज्याच्यावर कुणाचा भरवसा नाही.
चिचुंद्रीबाई, पाहुणे येणार येणार म्हणत
तीन प्रकरणं नुसतं घर झाडणारी.
मखमली जाकिटातली कोल्हीण,
सगळी चांगली वाक्यं जिच्या वाट्याला आली.
आणि खाणीतलं तट्टू.

लेखिकाबाई दोन उन्हाळे इथे राहून गेल्या,
चॅपेलमागच्या घरात, म्हणतात.
आमचा डोंगर हुबेहूब काढला त्यांनी,
पाटीच्या दगडाचे ढिगारेसुद्धा, पावसात चमकतात तसे.
प्राणी मात्र इंग्रजी बोलतात
आणि चारच्या ठोक्याला चहा घेतात.
सत्तेचाळिसाव्या पानाच्या समासात
कुणीतरी वेल्शमध्ये विचारलंय,
"कोल्हिणीला आपली भाषा येते का?"
खाली वेगळ्या अक्षरात,
"येते. चोरी करताना बोलते."

तट्टू भोळं, बावळट.
आठव्या प्रकरणात एका गाजरापायी
कोल्हीण त्याला चाराऐवजी सात डबे ओढायला लावते
आणि ते मान हलवत म्हणतं,
"मला काम करायला आवडतं."
इथे मुलं हसतात.
मीही हसले होते, सात वर्षांची, आजोबांच्या मांडीवर.

"काय म्हणालं ते?" इडवल आजोबांनी विचारलं.
त्यांना इंग्रजी दंडाच्या पावतीपुरतं यायचं.
मी आपल्या भाषेत सांगितलं.
"खोटं," ते म्हणाले, आणि पाइप विझवला.

त्यांच्या घोडीला मोजता येत होतं.
सेरेन तिचं नाव, म्हणजे चांदणी,
कपाळावर तेवढाच एक पांढरा ठिपका.
डबा जोडला की कडी वाजायची, खट्.
एक. दोन. तीन. चार.
पाचवी वाजली की सेरेन उभी.
चाबूक झाला, साखर झाली,
मुकादमानं तिच्या सात पिढ्या काढल्या,
एकदा तर टोपी काढून विनवणी केली.
कान मागे, डोळे मिटलेले, उभी.
मग पाचवा डबा सोडवायचा.
सुटणाऱ्या कडीचा आवाज निराळा असतो म्हणे,
तो ऐकला की आपण होऊन चालायला लागायची.
तिच्यापायी आजोबांना दोनदा दंड झाला.
ती रक्कम ते अशी सांगायचे,
जणू बक्षीस मिळालं होतं.

त्या रात्री मी पेन्सिल घेतली
आणि चित्रातल्या तट्टूच्या खुराशी
चार उभ्या रेघा मारल्या.

आज पान उघडलं. रेघा आहेत,
पुसट, पण आहेत.
त्यांच्याखाली निळ्या शाईतल्या चार.
मग जांभळ्या स्केचपेनच्या.
मग नुसत्या नखानं ओरखडलेल्या,
तिरप्या उजेडात धरलं तरच दिसतात.
मी तर ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

गावात सेरेन एकटी नसावी.

गाडीवाला पोरगा, मडोक, आतबाहेर करतोय.
चार खोकी गेली.
पाचव्यावर त्यानं चिकटपट्टी ओढली,
दातांनी तोडली, खट्.
"हे पण न्यायचं ना, नेस्टाबाई?
वरचं ते हिरवं टाका यात."

मी स्टुलावर बसून आहे.
गुडघ्यांचं निमित्त आहे.