काना

सोमवारपासून काना गळायलाय.
तीनदा दाबावा तेव्हा एकदा उमटतो.

दाजिबा डाखोरे पावती घेऊन परत आले,
'हे दजिब डखोरे कोण वं, माय?'
माल होता तिथं मल, भाव तिथं भव,
काटा तिथं कट.
यावर अडतीत कुणी हसलं नाही.

बंद करून चालू केला.
भाषा काढून पुन्हा टाकली.
खताच्या दुकानातून कीबोर्ड मागून जोडला,
त्यावर काना ठणठणीत.
म्हणजे बिघाड कळीतच.

बीट संपल्यावर
केसांतला आकडा काढून ती उचकली.
खाली हळद.
मऊ, मुरलेली, चिमूटभर.
माझ्या बोटांची,
की पावती मोजताना वाकणाऱ्या सगळ्यांची,
काय की.

फुंकर मारली, डोळ्यांत गेली.
मग ब्रश. मग कळ जागेवर. टक्.

सवयीनं आधी लिहिलं: वसमत. हळद.
दोन्ही बरोबर.
मागून ध्यानात आलं, यांत काना नाहीच.
आठवडाभर हे दोन शब्द बिनचूक छापले,
गळत होते ते आणणारे.

दाजिबा डाखोरे.
तिन्ही काने उभे.

मग, कुणी बघत नाही असं पाहून, माझं.
शिवकांत

पुन्हा दाबते.