पान चौदा

तांबोळी इंजिनिअरांनी भिंती वाजवून पाहिल्या,
कलिंगड घेताना वाजवतात तशा.
टणक आवाज आला की पुढे सरकायचे,
बद्द आला की खडूने फुली.
अकरा फुल्या झाल्या सगळ्या फ्लॅटभर,
त्यांची बावीस पानं झाली,
स्पायरल बाइंडिंग, अधिक जीएसटी.

ती बावीस पानं घेऊन
शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका इमारतीचे
तीन मजले मी चढले.
ढमढेरे वकीलबाई चष्मा कपाळावर ठेवून वाचतात.

"बाल्कनी आत घेतलीय. मंजूर नकाशात आहे?"
नाही.
"मग ती खोली नव्हे.
मुलीचं टेबल खुशाल मांडा तिथे,
कागदावर ती बाल्कनीच राहील."
माझी मुलगी, जी अजून त्या घरात गेलीही नव्हती,
एका वाक्यात उघड्यावर आली.

बाथरूमच्या भिंतीतली ओल, पान सात.
मला तो वास आठवत होता, भिजल्या पोत्यासारखा.
बाईंनी समासात लिहिलं : साठ हजार.
वास गेला.

मग पान चौदा.
भिंतीलगतचं लाकडी कपाट सरकवून काढलेला फोटो :
तिरकी भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली येणारी,
आणि तिच्या टोकाशी पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा.
मे २००६.
मे २००९.
मे २०१३.
पुढे रेघ नाही, नुसते शब्द :
२०१७, तेवढीच. २०२२, तेवढीच.

प्रभुणे काकांचं अक्षर.
ऑइल इंजिनांच्या कारखान्यात
तीस वर्षं मापं तपासली त्यांनी,
पास, नापास.

बाईंचा चष्मा पहिल्यांदा डोळ्यांवर आला.
"म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
आणि तुम्हाला सांगितलं नाही.
हा आपला हुकमी पत्ता."
टायपिस्टला हाक गेली :
'दोष जाणूनबुजून लपवून ठेवला', दोन लाख चाळीस हजार कमी,
उत्तर पंधरा दिवसांत.

मी गप्प बसले.
दोन लाख चाळीस हजारांत स्टॅम्प ड्युटीचा
केवढा तरी तुकडा बसतो.
पंख्याखाली कुणाच्या तरी वारसा-दाखल्याची पानं फडफडत होती.

खाली पार्किंगपर्यंत गेले, स्कूटीला किल्ली लावली,
आणि पुन्हा तीन मजले चढले.

"बाई, ते म्हणाले होते.
पहिल्याच दिवशी.
'कपाट ओढून बघा हवं तर,
मला आता हलत नाही.'
आणि आम्हीच म्हणालो, 'नको नको, कशाला उगाच.'
चहा समोर होता. बाकरवडी होती.
दुसऱ्याचं कपाट कसं ओढायचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
बद्द आवाज आलेल्या भिंतीकडे पाहावं तसं.
"हे आधी सांगायचं असतं."
मग लाल पेनाने एकच ओळ खोडली.
"शब्द काढते. आकडा ठेवते."

बिबवेवाडीहून उत्तर आठव्या दिवशी आलं,
वकिलामार्फत नाही, साध्या पोस्टाने,
आखीव कागदावर.

'रक्कम मान्य.
बाल्कनीबाबत सोसायटीचं पत्र सोबत जोडलं आहे.
एक दुरुस्ती :
पान चौदावर भेगेची लांबी ९१ सेंटिमीटर लिहिली आहे.
ती ९३.५ आहे.
वरची अडीच पडद्याच्या पेलमेटमागे जाते,
तुमच्या इंजिनिअरांना दिसली नसावी.
कपाट अजून सरकवलेलंच ठेवलं आहे.
येताना पट्टी आणू नका,
माझ्याकडे आहे.'

बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं.
फाइलला लावायच्या आधी
अहवालातलं ९१ खोडून
स्वतःच्या हाताने ९३.५ केलं,
आणि शेजारी सही केली, तारखेसकट.