बाविसावा प्रश्न

आधी सीटबेल्ट ओढून पाहायचा, शेवटपर्यंत.
लोक गाडी धुतात, आत सुवास फवारतात,
गुंडाळीतला चिखल धुवायचं कुणाला सुचत नाही.
ओर्लेना नेपियरच्या सुबारूचा बेल्ट
खांद्याच्याही वर चार बोटं मातकट,
त्यापुढे कारखान्यातून आला तसा करडा.

मी लिहिलं : पाणी डॅशबोर्डच्या वर.
म्हणजे गाडी गेली.
म्हणजे बाजारभावानं पैसे, वजा पाचशे डॉलर.
अशा दिवसाला चौदा उरकतो मी
केंटकीतल्या या जत्रेच्या मैदानावर,
जिथे एरवी डुकरांना बक्षिसं देतात.
आता रांगा : पिकअप, शाळेची बस,
मागच्या सीटवर मका उगवलेली एक व्हॅन.

बाईच्या पायात मदतकेंद्रातले पुरुषी बूट.
"पुराचं कव्हर आहे ना त्यात?
नवरा म्हणायचा, काढून टाक,
महिन्याचे एकोणीस डॉलर वाचतील.
मी काढलं नाही.
त्याला सांगितलंही नाही."

बाविसावा प्रश्न मी हल्ली
मान आधीच थोडी नकारार्थी हलवून विचारतो :
पाणी चढल्यावर इंजिन चालू केलं होतं का?

"हो," ती म्हणाली.

मी पेन उचललं. परत विचारलं, सावकाश.

"हो म्हटलं ना. बंदच केलं नव्हतं.
ओढ्यापलीकडे डेल्झी, छपरावर, दोन पोरं घेऊन.
वीज गेलेली. बोटवाल्यांना हाका ऐकू येत होत्या,
छप्पर दिसत नव्हतं.
मी गाडी उतारावर नेली, नाक ओढ्याकडे,
दिवे लावले. नुसत्या बॅटरीवर किती टिकणार?
म्हणून इंजिन.
पाणी बोनेटला लागलं तेव्हा
मी खिडकीतून निघाले.
पावणेचारला एकदम खोकल्यासारखं झालं
आणि बंद.
दिवे मात्र पाण्याखालूनही
थोडा वेळ, हिरवट."

कंपनीचं म्हणणं साधं आहे :
पाण्यानं बुडवली तर आमची,
तुम्ही बुडवली तर तुमची.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच,
आणि तिनं तर दोन्ही हात पुढे केले होते,
नखांत अजून तोच चिखल.

मी गाडीशी परत गेलो, उगाच.
टायर दाबून पाहिले. काय पाहत होतो कोण जाणे.
दिव्यांचा खटका चालूवरच होता.

फॉर्मवर हो आणि नाहीचे दोन चौकोन,
कारणाला एक ओळ, तीही अर्धी,
उरलेल्या अर्ध्यात कार्यालयाचा शिक्का.
मी कागद उलटा केला.
विचारलं, डेल्झीची पोरं केवढी?

"थोरला सहाचा. धाकटी अजून अंगावर पिते.
का? हे कुठं लिहायचं असतं?"

कुठंच नाही, म्हणालो,
आणि लिहू लागलो.