आंधळी मोजणी

या खोलीत मी आंधळी आहे.
नेमणुकीच्या कागदावरच तसं लिहिलंय:
मोजणारीला कळता कामा नये
कोणाला जुनी कसरत, कोणाला नवी,
कोणाचा धडधाकट हात रोज सहा तास
जाड मोज्यात बांधून ठेवतात
आणि म्हणतात, आता त्या दुसऱ्याला विचार.

पाकिटं सीलबंद, तिसऱ्या मजल्यावर.
मला एक लाकडी पेटी, मध्ये उभी फळी,
दीडशे ठोकळे आणि साठ सेकंद.

सोहारच्या बाजारात सव्वीस वर्षं
दिशदाशे शिवणारे यासीन मांडलेकर
पहिल्यांदा आले तेव्हा उजवा हात
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा
मांडीवर घेऊन बसले.
घड्याळ खिशात.
"बाणकोट," म्हणाले. "तुम्ही?"
"दाभोळ."
मग दोघंही थोडा वेळ खाडीबद्दल बोललो,
कारण खाडीबद्दल बोलायला नियमांत मनाई नव्हती.

गळ्याशी लोंबणारा गोंडा, फुराखा,
तो यांच्याच हातचा हवा म्हणून
लोक म्हणे बुरैमीहून यायचे.
रेशमाचे पदर, एक गाठ, मग नखानं दाबून
दाखवायला हात उचलला
आणि हात उचललाच नाही.
"असं," ते हवेकडं बघत म्हणाले.

सुरू.
पहिल्या दिवशी सात ठोकळे.
आठवा फळीवर अडकला. मी बोट लावायचं नाही.
शाब्बास म्हणायचं नाही.
छापील वाक्यं आहेत, तेवढीच, एकाच आवाजात,
तीन भाषांत. मराठीत नाहीत.
मराठीत मी ती मनात म्हटली.

सहाव्या आठवड्यात
ऊन काचेला टेकून उभं,
आणि त्यांच्या डाव्या मनगटावर फिकट पट्टा.
मोज्याच्या बंदाचा?
की सव्वीस वर्षांच्या घड्याळाचा?
मी मान वळवली.
"ताई, वरती मला काय करायला लावतात माहितीय..."
"यासीनभाई, नका."
"बरं. मग सुरमईचा भाव सांगू?"
"तो सांगा."
अकरा.

घरी कधी कधी मी
चहाचा कप डाव्या हातानं उचलून बघते.
ज्यांच्या चिठ्ठीत जुनीच कसरत निघाली
त्यांचं काय?
मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात,
नवी चांगली हे आधीच ठाऊक असतं
तर चिठ्ठ्या टाकल्याच कशाला असत्या.
खरंय त्यांचं.
रात्री ते थोडं कमी पडतं, एवढंच.

बाराव्या आठवड्यात एकोणीस.
मी दोनदा मोजले.
सत्तर जणांच्या सरासरीत हे एकोणीस
मिठासारखे विरघळून जातील,
जाऊ देत, त्यासाठीच तर मोजले.

फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न माझ्यासाठी असतो:
रुग्ण कोणत्या गटात असावा असं वाटतं?
पहिला. दुसरा. सांगता येत नाही.
पेन टेकवलं
आणि तेव्हा दिसलं,
घड्याळ खिशात नाही, डाव्या मनगटावर,
पट्टा एक भोक सैल,
बकलाचा काटा कसाबसा अडकलेला.
डाव्या मनगटावरचं बक्कल लावायला
माणसाला उजवाच हात लागतो.
किंवा दुसरं कुणीतरी.

कुणी लावून दिलं,
हा प्रश्न कुठल्याच भाषेत छापलेला नव्हता.
त्यांनी माझी नजर पकडली,
मग माझ्या स्टॉपवॉचकडं पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडं.
"खोलीवर मी एकटाच असतो, ताई.
हल्ली अर्धा तास लवकर उठतो."

मी तिसऱ्या चौकोनात खूण केली.
खोटी नव्हती.
ठोकळे परत पेटीत भरले, दीडशे.
पुढचे साडेअकराला आहेत.