टेबल नंबर चार

केप्यापर्यंत पाऊस सरळ पडत होता.
रिवणनंतर तो आडवा झाला
आणि माझ्या बाजूचा वायपर
एक सुस्कारा टाकून थांबला.

इनास म्हणाला, 'म्हजो चलता न्ही?'
मग पुढचे चार तास
तो बघायचा आणि मला सांगायचा :
आता साकव. आता रबराची झाडं. आता म्हशी, तीन,
नाही, चौथी रस्त्यातच बसलीय,
तिच्यासाठी थांबू.
माझ्या काचेत नुसतं हिरवं,
दुकानदाराने ठाणामागून ठाण उलगडत जावं
आणि मी एकही घेऊ नये, तसं.

मागच्या सीटवर त्याची मुलगी, जेसिल,
शाळेला रेड अलर्टची सुट्टी म्हणून आलेली,
वाफाळल्या काचेवर बोटाने गिऱ्हाईकं काढत होती.
गिऱ्हाईकं, असंच म्हणाली. माणसं नव्हे.

नेत्रावळीला तळी.
म्हणे टाळी वाजवली की तळातून बुडबुडे येतात.
आम्ही वाजवली, तिघांनी, छत्र्या मानेत धरून.
पण पाणी सगळंच उकळत होतं काठापासून काठापर्यंत,
आणि जेसिलने एका बुडबुड्याकडे बोट दाखवून विचारलं
ते मला अजून सुटलेलं नाही :
'हो खंयचो? वयलो काय सकयलो?'

रानात शिरलो जेमतेम दोनशे पावलं.
धबधब्याचा आवाज आला, धबधबा नाही.
वनखात्याच्या माणसाने दोरी बांधली होती.
'उद्या या,' तो म्हणाला, 'उद्याही हेच सांगेन.'
माझ्या पोटरीवर एक जळू
आली टाक्याएवढी, उठली द्राक्षाएवढी.
सायबाच्या तसबिरीमागे इनासची मिठाची पुडी तयार होती.

करमल घाटात ढग रस्त्यावर बसलेले.
त्यांच्यासाठी मात्र तो थांबला नाही.

आगोंदला समुद्र बंद होता.
असंच म्हणाला तो. बंद. दुकानासारखा.
लाल बावटा, झापांखाली होड्या,
आणि लांबच लांब रिकामी वाळू.
मला वाटलं, फिरू मागे.

जेसिल पावलं मोजत निघाली.
वाकड्या सुरूपासून बावीस. उजवीकडे नऊ.
'हांगा किचन. हो फ्रीज, ताका हात लावूं नाका.'
ऑक्टोबर ते मे इथे तिच्या पप्पाचा शॅक असतो.
आता तो सुटा होऊन घरच्या पडवीत आडवा,
खांब, फळ्या, एकशेचाळीस झापं.
उभा करायला सहा माणसं लागतात.
तिला एकटीला दोन मिनिटं पुरली.

मला टेबल चार मिळालं.
बसले वाळूत, सलवारीतून पाणी आत येऊ दिलं.
'कितें जाय?'
सुरमई.
'नुस्तें ना. बंदी.'
बांगडा?
'बंदी म्हटल्यार बंदी.'
मग आहे काय?
तिने समुद्राकडे पाहिलं, किचनकडे पाहिलं.
'सोलकढी,' ती म्हणाली, 'आनी वारें.'

दोन्ही मागवलं.
दोन्ही हातांत धरून ती घेऊन आली, सांडू न देता,
आणि मध्ये जरा वळसा घातला,
फ्रीज होता ना तिथे.

इनास गाडीपाशी वायपरची काडी घेऊन उभा होता.
आमच्याकडे बघत नव्हता, असं मला वाटलं.
मग आम्हाला बोलवायला आला,
आणि टेबलाच्या चार पावलं अलीकडे
त्याने मान खाली घातली,
तुळई लागू नये म्हणून.

बिल तिने माझ्या तळव्यावर लिहिलं. एकशे ऐंशी.
पावसाने ते लगेच नेलं.
पर्स गाडीत होती.

चावडीला बन्स खाल्ले, चहा प्यालो,
एका टपरीच्या पत्र्याखाली चौदा माणसं आणि एक कुत्रा.
काणकोण स्टेशनवर मी दोनशेची नोट पुढे केली,
वीस तुझे, म्हटलं.
जेसिलने हात मागे नेले.
'हांगा न्हय,' ती म्हणाली. 'थंय.'

गाडीच्या काचेला वायपर नसतोच.
पोटरीवरचा लाल ठिपका
करमळीपर्यंत ओला होता.